फोटूसाठी लावलेली माती

"ए बाई, पोरीची ती पावडर पूस आधी. माती लाव तोंडाला."

मुकादम असा ओरडला तवा मी आठ वर्षांची होते. अहमदपूरच्या रस्त्याला दुष्काळाचं काम चालू होतं, खडी फोडायचं. सगळ्या बायांनी हातोड्या खाली ठेवल्या अन् आमच्याकडं बघून राहिल्या. माझ्या आईच्या अंगावर तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. खडीच्या ढिगाजवळ मला पुढं धरून ती उभी होती.

झालं होतं असं. आदल्या दिवशी मुकादमानं सांगितलं, उद्या मोठ्या शहरातून साहेब येणार, दुष्काळाचे फोटू काढणार, तुमचा मायलेकीचा काढणार. आमच्या मातंगवस्तीत तोवर कुणाचा फोटू निघाला न्हवता. अहमदपूरच्या बाजारात फोटूचं दुकान हाय, तिथं नवरा-नवरी जातात, मागच्या पडद्यावर बाग काढलेली असते, एवढंच आईला ठाऊक. म्हणजे फोटू काढायचा तर नटून जायचं. यात काय चुकलं तिचं? तुमच्या घरी कुणी फोटूआधी तोंडाला माती फासतं का?

आईच्या मनात अजून एक होतं. माझा बाप कामासाठी हैद्राबादेला गेला होता. आई म्हणाली, "तुझ्या बापाला पाठवू फोटू. बरं दिसलं पायजे गं. न्हाईतर उगी काळजी करंल." म्हणून तिनं गाठोडं सोडलं, लुगडं काढलं. शेजारच्या गोदामावशीकडून कागदाच्या पुडीत दोन चिमटी पावडर मागून आणली. डोक्याला तेल न्हवतं, तर पाण्याचा हात लावून माझा भांग पाडला. प्यायच्या पाण्याचा. सकाळी वस्तीतून निघालो तवा मला वाटलं, आपण कुणाच्या लग्नालाच चाललोय.

जीपमधून साहेब उतरला. गळ्यात कॅमेरा. संग एक बाई, काळा चष्मा लावलेली, लई गोड बोलायची. तिनं मला बिस्कीट दिलं. साहेबानं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं अन् त्याचं तोंडच उतरलं.

"हे काय? हे खरं वाटत नाही."

ती गोड बाई आईला म्हणाली, "असं नको हं. नैसर्गिक हवं. तुम्ही रोज जशा असता ना, तशा."

"रोज धुळीतच असतो की बाई. आज फोटूपुरतं तोंड धुतलंय."

"अहो, हा दुष्काळाचा फोटो आहे," साहेब बोलला. "लग्नाचा नाही."

मुकादम हसला. त्याच्याकडं बघून बाया हसल्या. आमच्याच बाया. मंग तो ओरडला, पावडर पूस म्हणून. आई जागची हलली न्हाई. त्यानं हजेरीची वही वर केली. "आज तुझी हजेरी लावायची का न्हाई?"

आई खाली बसली. मूठभर माती घेतली. दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यातले खडे एकेक करून काढून टाकले, माझ्या गालाला टोचू नयेत म्हणून. मंग लावली. कपाळाला, गालाला, हनुवटीला. उरलेली स्वतःच्या लुगड्यावर टाकली अन् स्वतःचे केस सोडले. मी भोकाड पसरलं. माझी पावडर गेली म्हणून, दुसरं काही न्हाई. आईनं मान वर करून साहेबाकडं बघितलं. तेवढ्यात त्यानं खटका दाबला.

"वा!" म्हणाला. "आता खरं वाटतं."

गोड बाईनं पत्ता लिहून घेतला. पोस्टानं नक्की पाठवते म्हणाली. आई लई दिवस पोस्टमनला आडवी जायची. फोटू आला न्हाई. बाप बी आला न्हाई. आधी कुणाच्या तरी हाती त्याचा निरोप यायचा, पुढं तो बी बंद झाला. मेला, का तिकडं दुसरा संसार मांडला, आजवर आम्हाला खबर न्हाई.

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराला मी तिथं डी.एड.ला होते. सगळीकडं पाट्या रंगवून राहिले होते. आमच्या गावच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरडून तिथं लातूर लिहिलं. गावात फरक काय पडला? पाटी नवी झाली. मी बी तसंच केलं होतं. वसतिगृहातल्या पोरींना सांगायची, वडील हैद्राबादला नोकरीला असतात. आईचं विचारलं की शेती बघते म्हणायची. दुसऱ्याच्या रानात खुरपते हे सांगायची न्हाई. पुस्तकातल्यासारखं बोलायची अन् रात्रंदिवस एकच भ्या, कुणी गावाकडचं येईल अन् सगळं उघडं पडंल.

मानसशास्त्राला एक सर होते. खरं सांगते, माणूस वाईट न्हवता. पोरींशी अदबीनं बोलायचे. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सच्चेपणा.

"आत एक आणि बाहेर एक, तो माणूस मुखवटा लावून जगतो. जे आत आहे तेच बाहेर दिसतं, तो माणूस सच्चा. मनाचं आरोग्य यावर उभं असतं."

मी खाली मान घालून लिहून घेतलं. वाटलं, हे माझ्याबद्दलच बोलून राहिले. मीच ती मुखवटेवाली.

मंग सरांनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. कुठल्याशा मासिकातला काळा-पांढरा फोटू कापून त्यावर चिकटवला होता. दरवर्षी हा धडा शिकवताना ते तो दाखवायचे म्हणे. त्यांनी तो वर धरला. मी शेवटच्या बाकावर, मला नीट दिसलं न्हाई.

"ही मुलगी का रडते आहे?"

"भूक लागली म्हणून," पुढची पोरगी बोलली.

"आणि आईच्या डोळ्यांत काय आहे?"

"लाचारी, सर."

"बरोबर. आणि ती लपवलेली नाही. सच्चेपणा काय असतो हे या अडाणी बाईला कुणी शिकवलं नाही. तिला मुखवटा माहीतच नाही." मंग म्हणाले, "फिरवा सगळ्यांमध्ये."

पुठ्ठा बाकांवरून सरकत सरकत माझ्यापाशी आला. आईला मी नंतर ओळखलं. आधी ओळखलं ते माझं भांग पाडलेलं डोकं. तोंडावर माती अन् भांग मात्र सरळ. त्या फोटूवाल्या साहेबाच्या ध्यानातच आलं न्हवतं ते. अन् आईचे डोळे! अगं बया, ते डोळे लाचार? मी त्या बाईच्या पोटची. चुलीतलं लाकूड घेऊन ती कुणाच्या अंगावर जायच्या आधी कशी बघती, मला ठाऊक हाय. खाली छापलं होतं, दुष्काळाचा खरा चेहरा.

"तू सांग," सर मलाच म्हणाले. "काय दिसतं तुला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पावडर पुसली म्हणून रडती ती."

वर्ग खो खो हसला. खडीवर हसले होते तसाच. अन् मंग माझं डोकं सटकलं. मी उभी राहिले. "सर, ही मी हाय. ही माझी आई हाय. ही माती साहेबानं लावायला लावली. आम्ही नटून गेलतो."

कुणी हसलं न्हाई. वसतिगृहातल्या पोरी मागं वळून माझ्याकडं बघत होत्या. हैद्राबादची नोकरी, शेती, सगळं एका वाक्यात गेलं. सर हळूच म्हणाले, "तू लहान होतीस. आठवण फसवी असते."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. माझ्यावर विश्वास बसला होता त्यांचा, पण माझ्या सांगण्यातलं त्यांना पाहिजे तेवढंच त्यांनी उचललं होतं. कॉलेजात नव्या जिल्ह्याचे साहेब लोक येणार होते, कार्यक्रम होता. फोटूतली मुलगी आपल्याच कॉलेजात शिकते म्हटल्यावर सर नुसते फुलून गेले होते.

"तू स्टेजवर ये. आईलाही आण. मातीचं ते काही सांगू नकोस, त्यानं परिणाम जातो. आणि हे इस्त्रीचं पातळ नको. गावाकडचं असेल ना एखादं? बोलताना काल बोललीस तशीच बोल. 'ही मी हाय.' किती अस्सल होतं ते! तुझ्या अंतर्गत गुणांचं मी बघतो."

अंतर्गत गुण सरांच्या हातात. ते न्हाई मिळाले तर नापास, अन् नापास म्हणजे गावात, आईच्या शेजारी, दुसऱ्याच्या रानात. मला नोकरी पाहिजे होती. लई पाहिजे होती. मी हो म्हणाले. हो, म्हणालेच. खोटं कशाला सांगू? आईला दाखवते म्हणून पुठ्ठा मागून घेतला अन् एस.टी.त बसले.

आईनं हात धुतले, पदराला पुसले, मंग पुठ्ठा हातात घेतला. लई वेळ बघितलं.

"लुगडं दिसत न्हाई की गं," म्हणाली. "हिरवं हाय हे कळतच न्हाई."

मी खालचं छापलेलं तिला बोटानं दाखवलं.

"हे छापून आलं व्हतं? हैद्राबादेला बी गेलं असंल?"

"गेलं असंल."

"तुझ्या बापानं बघितलं असंल का गं?" ती माझ्याकडं बघत न्हवती. "असं बघितल्यावर कोण परत येईल? त्याला वाटलं असंल, भीक मागून राहिल्या दोघी. कोणत्या तोंडानं येईल तो?"

दहा वर्षांत माझी आई बापाबद्दल एवढं कधी बोलली न्हवती. मी तिला सरांचं सांगितलं, स्टेजचं, गुणांचं. ती म्हणाली, "मी येत न्हाई. माझी माती फासून झाली एकदा. तू शिकलीस, तुझं तू बघ."

एस.टी.त मी सरांचा धडा पुन्हा मनात वाचला. आत एक, बाहेर एक. मंग माझी आई खोटी ठरली का? आत कालवाकालव, बाहेर पावडर. न्हाई. तिला नवऱ्याला धीर द्यायचा होता, अन् तोच धीर तिनं तोंडाला लावला होता. ते तिचं होतं, तिनं ठरवलेलं. माती दुसऱ्यानं ठरवली. अन् माझं? वसतिगृहात मी जे लावून फिरत होते ते भ्यानं लावलं होतं. आईच्या पावडरीशी त्याची बरोबरी न्हाई. हे मला त्या दिवशी साफ कळलं अन् माझीच मला लाज वाटली.

कार्यक्रमाच्या दिवशी मी तेल लावून वेणी घातली. इस्त्रीचं पातळ नेसले. पावडर लावली, जरा जास्तच लावली, लांबून दिसावी म्हणून. सरांनी बघितलं अन् पुटपुटले, "हे काय करून आलीस?"

"रोज येते तशीच आले, सर."

तोवर माझं नाव पुकारलं होतं. मी स्टेजवर गेले. पुठ्ठा हातात. पाठ केलेलं सगळं विसरले अन् राहिलं तेवढं बोलले.

"ह्यातली पोरगी मी हाय. आम्हाला दुष्काळ होता हे खरं हाय. दुःख आमचं हाय. माती फोटू काढणाराची हाय. आई रागानं बघून राहिली, तुम्हाला ती लाचार दिसली. हा फोटू पोस्टानं आमच्या घरी येणार होता, आज मिळाला. आता मी तो परत देणार न्हाई."

कुणी टाळी वाजवली न्हाई. साहेब लोकांनी घड्याळं बघितली. मी पुठ्ठा काखेत मारून खाली उतरले. सर नंतर म्हणाले, "तू तुझी वेदना नाकारते आहेस." अन् माझ्या शेऱ्यात लिहिलं, विद्यार्थिनीत स्वतःचा स्वीकार करण्याची तयारी दिसत नाही. गुण अगदी काठावर दिले. काठावर का होईना, पास झाले. त्या दिवसापासून घरात बोलते तशीच बाहेर बोलते. कुणाला अस्सल वाटावं म्हणून न्हाई. माझी जीभ हाय म्हणून.

नोकरी भोकरकडच्या एका खेड्यात लागली. आई पुढं माझ्याजवळ राहिली अन् माझ्याजवळच गेली. पुठ्ठा ट्रंकेत हाय. भिंतीवर आम्ही तो कधी लावला न्हाई.

मधी परत दुष्काळ पडला. गावात टँकर. परत एक गाडी आली, परत कॅमेरा, परत एक गोड बोलणारी बाई. शाळेतल्या पोरींना रिकाम्या घागरी देऊन उन्हात उभं करायचं होतं. एकीच्या वेणीची रिबीन ती बाई सोडायला लागली, म्हणाली, "जरा नैसर्गिक दिसू दे."

मी तिचा हात धरला. "सोडा आधी."

पोरींना आत नेलं. शाळेच्या रांजणात तळाला पाणी होतं. एकेकीचं तोंड त्यातल्या ओंजळभर पाण्यानं धुतलं. कप्प्यातून फणी काढली, पावडरीचा डबा काढला. ती बाई दारात उभी राहून बघत होती. "मॅडम, पाणी नाही म्हणता आणि तोंडं धुता?"

"हाव," म्हणलं. "तेवढ्यासाठीच ठेवलंय. काढायचा तर आता काढा, अन् त्यांना विचारून काढा. न्हाईतर गाडी वळवा."

त्यांनी गाडी वळवली. वर तक्रार बी गेली, खुलासा मागितला. मी एका ओळीत लिहून दिला अन् सही केली. जोवर मी या शाळेत हाय, तोवर कुणाच्या सांगण्यावरून माझ्या पोरींच्या तोंडाला माती लागणार न्हाई.