परत फिरणारा उजेड

मी जैनथच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, तेव्हा एक म्हातारा पदरच्या पैशानं छापलेलं पुस्तक तपासून घ्यायला आला. विश्वाला काठ आहे आणि गेलेला उजेड तिथून परत फिरतो, असा त्याचा सिद्धांत. मला वैताग आला, तरी वाचलं. तोवर तो अंगठ्यानं टेबलाचा कोपरा घासत बसला होता.

"गणित पहिल्याच पानावर चुकलंय," मी म्हणालो.

"गणित जाऊ द्या, सर. माही पोरगी वारली. तिच्या तोंडावर पडलेला उजेड परत येते का नाई, तेवढंच सांगा."

"नाही येत."

तो पुस्तक तिथंच ठेवून गेला. मुखपृष्ठाचा जाड पिवळा कागद मी उलटून पाहिला. आतून ती त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती. कोपऱ्यांना वाटपाआधीची हळद लावायची राहून गेली होती.