बिनमोटारीची पाती

आमच्या घरातलं चालू हेलिकॉप्टर मी एका रविवारी दुरुस्त करून बंद पाडलं.

ते माझ्या मुलीनं, ईरानं, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी केलं होतं. बटण दाबलं की पाती गरगर फिरायची. सातवीतल्या मुलीला पहिलं बक्षीस मिळायला तेवढं पुरे होतं. पण मी वीस वर्षं वृत्तपत्रात दुसऱ्यांच्या चुका काढल्या आहेत. (स्वतःच्या काढायला सवड मिळाली नाही.)

"हेलिकॉप्टर काय, कोणीही करतं!" मी नाक मुरडलं. "त्याच्याआधी ऑटोजायरो होता. तो कर."

"पप्पा, यार, हे चालतंय ना!"

"ऑटोजायरोच्या वरच्या पात्यांना इंजिन नसतंच. इंजिन फक्त पंखा फिरवून यंत्र पुढे नेतं. वरची पाती वाऱ्यानं आपोआप फिरतात!"

मी मोटार उपटून यंत्राच्या नाकावर बसवली. नाक गुरगुरलं. यंत्र टेबलावर वीतभर सरकलं. वरची पाती ढिम्म!

"अगदी अचूक," मी म्हणालो.

"मेलंय ते," बायको म्हणाली.

वारा हवा म्हणून मी ते डोक्यावर धरून लक्ष्मीबाई नगरच्या रस्त्यावर धावलो. पाती फिरली! फाटकाशी आमचे शेजारी मेश्रामसाहेब उभे होते. मूळचे नागपूरचे, इथे राजधानीत केंद्राच्या मंत्रालयात.

"काय करून राहिले भाऊ?"

"उड्डाण!"

"मंग पाय कायले हलवता?"

सोमवारी शाळेच्या हॉलमध्ये परीक्षक बाई ईरासमोर थांबल्या. "बेटा, चलाकर दिखाओ."

ईरानं बटण दाबलं. वीतभर सरकलं. बाई पुढच्या टेबलाकडे वळू लागल्या, ईराचा चेहरा उतरला. मग मी यंत्र उचललं आणि टेबलांच्या रांगेतून सुसाट सुटलो!

"देखिए मॅडम, बिना मोटर के!" मी वर पात्यांकडे बघत ओरडलो.

खाली एका मुलाचा ज्वालामुखी होता.

लाल व्हिनेगर माझ्या शर्टावर, पाती छताच्या पंख्यावर, आणि पहिलं बक्षीस ज्वालामुखीला! (उद्रेक फार नैसर्गिक वाटला, असं बाई म्हणाल्या.)

घरी आल्यावर ईरानं माझंच लाल पेन घेतलं आणि मॉडेलसोबतच्या हिंदी माहिती-तक्त्यात 'इंजन'पुढे लिहिलं : "पप्पा. आवाज़ ज़्यादा, ऊँचाई शून्य."

मी दोनदा तपासलं. दुरुस्तीला जागा नव्हती.