आत्याचे मडफ्लॅप

आज ज्यांनी ज्यांनी माझ्या आत्याचा फोटो स्टेटसला ठेवलाय, त्यातल्या एकानेही तिचं शेवटचं मागणं पुरं केलं नाही.

तिला जाऊन आज वर्ष झालं.
पप्पा, दादा, तुम्हीही हे वाचाल. वाचा.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न मोडलं आणि ती पारोळ्याला आमच्या घरी परत आली. शिकली, शिक्षिका झाली.
माडीवरची खोली तिची होती. दादाचं लग्न ठरेपर्यंत.

"तू एकटी. तुला एवढी खोली कशाला?" पप्पा म्हणाले.

ती भांडली नाही. सामान बांधलं आणि धुळ्याला देवपुरात भाड्याने राहायला गेली.

रिटायर झाल्यावर तिने कॅराव्हॅन बनवून घेतली. म्हणजे चाकांवरची खोलीच, तिच्या जीपच्या मागे जोडून ओढत न्यायची. आत पलंग, छोटा गॅस, आणि समोर ही मोठी काच.

घरात नुसती टिंगल. "मास्तरीण बिऱ्हाड घेऊन फिरणार!"

मला मात्र म्हणाली, "इथून मला कोणी ऊठ म्हणणार नाही."

पहिल्याच फेरीत काच फुटली.
पारोळ्याच्या रस्त्याचं काम चाललं होतं, जिकडे तिकडे खडी. जीपच्या मागच्या चाकाने उडवलेला दगड थेट काचेवर.

गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, नवी बसवतो, पण परत फुटेल. जीपला मागे मोठे मडफ्लॅप पाहिजेत, चाकांमागे लोंबणारे रबरी पडदे. या साइजचे रेडीमेड नाही मिळत."

"मग मी करते."

कापसाच्या जिनिंग मिलमधून मशीनच्या जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणलं. रविवारी आम्ही दोघी देवपुरात तिच्या गेटसमोर फतकल मारून बसलो. चाकू साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि कापायचं, नाहीतर तो रबरात अडकतो. दोघींच्या हाताला फोड आले. मग भोकं पाडली, लोखंडी पट्टीला बोल्टने कसलं आणि पट्टी बंपरखाली बसवली.

शेजारचे आबा चहा पीत बघत होते.
"अक्का, गाडीले परकर नेसाडी ऱ्हायनी का?"

"हाव आबा. लोके दगड मारतस ना!"

किती हसलो त्या दिवशी.

हायवेला लागलो तर वाऱ्याने रबर वर उडायला लागलं. परत आलो, खालच्या कडेला वजनाला लोखंडाची पट्टी लावली. मग स्पीडब्रेकरवर घासायला लागलं. परत कापलं. तिला कंटाळा म्हणून नाही.

त्यानंतर काचेवर एक ओरखडा आला नाही. तोरणमाळचा घाट झाला, महेश्वर झालं, मग एकदा पार समुद्रापर्यंत.
तिथून सकाळी व्हिडिओ कॉल. "बघ, माझ्या खिडकीत काय आहे!"

मग तिला पॅरालिसिसचा झटका आला.

पप्पांनी तिला पारोळ्याला आणलं. हे त्यांनी केलं, नाही म्हणत नाही.
मागच्या खोलीत ठेवलं. तिथे खिडकी नाही.

बोलणं अडखळायचं, पण डोकं साफ होतं. रोज एकच मागणं.
"माझी गाडी... अंगणात आणा. मला तिच्यात ठेवा."

पप्पा म्हणाले, "आजारी बहिणीला घराबाहेर काढलं म्हणतील लोक."

मी म्हटलं, "बाहेर तर तुम्ही तिला कधीच काढलंय."
त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

दादा तिला सांगायचा, "आत्या, गाडी गॅरेजला आहे. येईल."

गाडी शेतात होती. पलंग काढून आत खताची पोती रचली होती.

एकदा मी तिला व्हीलचेअरवरून बाथरूमकडे नेत होते. दारात काळं रबर अंथरलेलं. आत्याची जीप आता दादा फिरवायचा. त्याने तिचे मडफ्लॅप "चांगले दिसत नाहीत" म्हणून काढले होते आणि एक कापून तिथे टाकला होता, पाय घसरू नये म्हणून.
बोल्टची भोकं तशीच होती.

आत्याने चांगल्या हाताने दाराची चौकट घट्ट धरली. खुर्ची त्याच्यावरून जाऊच देईना.
"हे... माझं."

दादा मागून आला. "अगं, पडूनच होतं. तुला आता काय करायचंय?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. आणि एकदम स्पष्ट विचारलं, "गाडी गॅरेजला नाही ना?"

दादाने फोन काढला आणि कानाला लावून बाहेर गेला.

ते रबर मी उचललं. पण त्या दिवसापासून तिने गाडीचं नाव काढलं नाही. जेवण कमी केलं. मी भरवायला गेले की तोंड भिंतीकडे करायची.
आणि एका सकाळी त्याच खोलीत गेली.

तेराव्याला पप्पा येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "शेवटपर्यंत सांभाळलं. काही कमी पडू दिलं नाही."
लोक माना डोलावत होते.

आत्या, अंगण रिकामंच होतं गं. गाडी सहज मावली असती.

सुखाने जा.

तुझी मनी