लाकडी ग्राफिक्स कार्ड

माझ्या काकांना फट बघवत नाही. पन्नास वर्षं कपाटं, टेबलं आणि दारं करण्यात गेलेल्या माणसाला फट म्हणजे कामचुकारपणा वाटतो. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी चौकटीवरून बोट फिरवणार, मग माणसांची विचारपूस. त्यांनी केलेल्या टेबलाचा ड्रॉवर लावला की शेवटची दोन बोटं तो आपोआप, सावकाश आत जातो. हे कौतुक ते स्वतःच सांगतात. ते खरं असल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त राग येतो.

मी त्यांची पुतणी. माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. एका मंगळवारी सकाळी शटर उघडतेय तोच काका हजर. कानावर पेन्सिल, हातात घडीची फूटपट्टी.

"इंजिनियरबाई, गेम खेळायचा कॉम्प्युटर हवाय."

"कुणासाठी?"

"मला."

मी किल्ली कुलपातच ठेवून त्यांच्याकडे बघितलं. काकांनी आजवर कॉम्प्युटरच्या टेबलाला हात लावला होता तो फक्त ते डुगडुगतंय का, एवढं बघायला.

खरं कारण त्यांच्या मुलीत होतं, भिंगरीत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव, अठ्ठावीस वर्षांची झाली तरी चिकटून आहे. काकू जाऊन दोन वर्षं झाली. काकांची एक जुनी खोड आहे: कुणी मनातलं काही विचारलं, की "गोंद वाळला का बघून येतो" म्हणतात आणि उठून मागच्या कारखान्यात जातात. काकू गेल्यावर महिन्याभराने भिंगरी एका संध्याकाळी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, आपण आईबद्दल बोलूया ना जरा." काका गोंद बघायला गेले ते दीड तासाने आले. गोंदाला एवढा वेळ लागत नाही हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. पुढच्याच आठवड्यात तिने लांबच्या गावातली नोकरी पत्करली. तेव्हापासून फोनवर "जेवलीस?", "हो, तुम्ही?", "हो", "बरं मग" एवढाच संवाद उरला होता.

ही भिंगरी दर रविवारी सकाळी दहाला चार मैत्रिणींबरोबर एक गेम खेळते. निर्मनुष्य बेटावर उतरायचं, झाडं तोडायची, घरं बांधायची. मागच्या आठवड्यात ती सहज म्हणाली होती, "बाबा, आम्हाला एक सुतार कमी पडतोय." तिने गमतीत म्हटलं. काकांनी ऑर्डर घेतल्यासारखं घेतलं.

"या रविवारी त्या नवीन बेट सुरू करणार आहेत," काका म्हणाले. "मी येतो म्हणालोय."

आपल्या मुलीशी बोलायची ही एवढी एकच वाट त्यांना सापडली होती. ते तसं म्हणाले नाहीत, पण पट्टी उघडत होते, मिटत होते, परत उघडत होते. म्हणून मीही थट्टा आवरली.

"ठीक आहे. सगळ्यात महत्त्वाचं ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर जे दिसतं ते काढायचं काम त्याचं. ते आधी ठरवू, मग बाकीचं, मग सगळं बसेल असं कॅबिनेट."

"कॅबिनेट झालंय."

"झालंय म्हणजे?"

"सागवानी. कालच पॉलिश दिलं."

आधी कळस, मग पाया! मी कपाळाला हात लावला. काकांना मात्र त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मापात सामान बघून द्यायचं, एवढंच काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं.

मी तीन कार्डं काउंटरवर मांडली. एक छोटं, एका पंख्याचं. एक मधलं, दोन पंख्यांचं. आणि एक तीन पंख्यांचं धूड, ज्याला वीज पुरवणारा डबासुद्धा वेगळा मोठा घ्यावा लागला असता. मी मेमरीबद्दल, पडद्याच्या आकाराबद्दल, विजेबद्दल सांगायला लागले. काका तिन्ही कार्डांच्या कडांवरून अंगठा फिरवत होते.

"याची कड नीट घासलेली नाही," मोठ्या कार्डाबद्दल ते म्हणाले. "आणि हे दिवे कशाला?"

"शोभेला."

"आतल्या बाजूला शोभा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू दिवे मीच लावलेत. मग लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून घेतली आणि गेले.

गुरुवारी आले ते पिशवी घेऊन. पिशवीत तीन लाकडी ग्राफिक्स कार्डं. तंतोतंत. पंखे कोरलेले, स्क्रूची भोकं जिथल्या तिथे, वायर लावायची खाचसुद्धा. कॅबिनेटमध्ये कुठलं कसं बसतं ते बघायला घरी करून बघितली, म्हणाले. दुकानात एक गिऱ्हाईक होतं, त्याने त्यातलं मोठं उचललं, उलटसुलट केलं आणि मला विचारलं, "हे नवीन मॉडेल का? आवाज कमी करत असेल ना?" मी हसू दाबायला काउंटरखाली वाकले. काका गंभीरपणे म्हणाले, "अजिबात करत नाही."

काकांचं मन मोठ्यावर बसलं होतं. ते कॅबिनेटमध्ये केसभर जागा न सोडता बसत होतं, हे एक. दुसरं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं.

"भिंगरीसमोर अडखळायला नको गं. चित्र थांबलं, मी मागे राहिलो, असं काही व्हायला नको."

"काका, तुमच्या पडद्याला मधलं पुरून उरेल. मोठं घेतलंत तर नुसती गरम भट्टी होईल. आणि चारही बाजूंनी चार बोटं जागा हवी. यंत्राला श्वास घ्यायला लागतो."

त्यांना पटेना. "तिला विचार," म्हणाले. स्वतः विचारणार नाहीत. मुलगी त्यांची, फोन माझा. मी दुकानाबाहेर जाऊन लावला.

"मधलं पुरे की ताई," भिंगरी म्हणाली. "कार्डाचं काही नाही गं. बाबा येतील. पण बसतील का? मी काही बोलले आणि ते उठून गेले, तर मात्र मी परत नाही बोलावणार. माझ्यात तेवढा दम नाही राहिलेला."

आत येऊन मी फक्त "मधलं पुरे" एवढंच सांगितलं. बाकीचं सांगायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही. संध्याकाळी काकांनी कॅबिनेट दुकानात आणलं, मधलं लाकडी कार्ड त्यात सरकवून बघितलं आणि मान डोलावली. मधल्या कार्डाभोवती चार बोटं मोकळी राहत होती. माझ्यासमोर त्यांनी कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंना हवेसाठी लांबट झरोकेही पाडले, नाक मुरडत का होईना. शुक्रवारी मी सगळं जोडलं, दुकानात दोन तास गेम चालवून बघितला. एकदम झकास. शनिवारी सकाळी काका ते कॅबिनेट स्वतः उचलून घरी घेऊन गेले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

रविवारी साडेनऊला मी पोचले. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पडद्यासमोर बसलेले. कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला लागून. मी वायरी लावल्या, स्पीकर लावला, आणि दहाच्या ठोक्याला काका बेटावर उतरले.

पहिली दहा मिनिटं त्यांनी सगळ्यांना वैताग आणला. झाड एका घावात पडतं हे त्यांना मान्य नव्हतं. "ओलं लाकूड लगेच वापरायचं? वाकेल ते!" भिंत लावली तर म्हणे काटकोनात नाही. स्पीकरमधून मैत्रिणींचं खिदळणं येत होतं आणि त्यात भिंगरीचं हसू वेगळं ओळखू येत होतं. ते मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. "सुतारकाका, दार तुम्ही करा, आम्ही दगड आणतो," म्हणत मैत्रिणी डोंगराकडे गेल्या. अर्धवट झोपडीपाशी दोघंच उरली.

काका दार बसवत होते. भिंगरी बाजूला उभी होती, म्हणजे तिचं ते पडद्यावरचं निळ्या टोपीचं माणूस उभं होतं.

"बाबा," तिचा आवाज आला. "घरात एकट्याला करमतं का तुम्हाला?"

काकांचे हात थांबले. गुडघे हलले, खुर्ची करकरली, आणि मला वाटलं, झालं, निघाले गोंद बघायला. पण ते उठले नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि घसा खाकरला.

"अगं, खरं सांगू का..."

आणि पडदा काळा झाला.

पंखे थांबले. घरात वीज होती, डोक्यावरचा दिवा चालू होता. मी टेबलाखाली घुसले आणि कॅबिनेटला हात लावला तर चटका बसावा इतकं तापलेलं. झरोके शोधायला बोटं फिरवली. झरोके नव्हतेच. नुसतं गुळगुळीत सागवान.

"काका, झरोके कुठे गेले?"

"ते बरे दिसत नव्हते," काका म्हणाले. "काल दुपारी पट्ट्या बसवल्या. धूळ जाते आत."

जित्याची खोड! आणि काम तर असं सफाईदार की जोड बोटाला लागत नव्हता. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना कॉम्प्युटरची काळजी नव्हती.

"तिला वाटेल मी उठून गेलो," ते म्हणाले.

त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेच. मी माझ्या फोनवरून लावला, माझाही उचलला नाही. ती काय म्हणाली होती ते मला ठाऊक होतं. मी काकांना सांगून टाकलं. "तुम्ही उठून गेलात तर परत बोलावणार नाही, म्हणाली होती ती."

काका मागे गेले. मला वाटलं आता दीड तास. पण ते पटाशी आणि हातोडी घेऊन लगेच परत आले, जमिनीवर बसले आणि स्वतः बसवलेल्या पट्ट्या फोडायला लागले. नीट काढल्या नाहीत, फोडल्या. पॉलिशच्या ढलप्या उडाल्या, एका बाजूची फळी उभी चिरली गेली. ज्या माणसाने आयुष्यात वाकडा खिळा ठोकला नाही, त्याने आपल्याच कॅबिनेटला भगदाड पाडलं. मी टेबलावरचा पंखा आणून त्यासमोर ठेवला. पाच मिनिटं थांबून बटण दाबलं. चालू झालं.

बेटावर दार अर्धं लागलेलं होतं. निळी टोपी कुठे दिसत नव्हती. मैत्रिणीही अजून डोंगराकडेच होत्या.

काकांनी तिसऱ्यांदा फोन लावला. या वेळी उचलला गेला, पण पलीकडून "हॅलो"सुद्धा आलं नाही.

"भिंगरे," काका म्हणाले. "मी उठलो नव्हतो. कॉम्प्युटर बंद पडला. हवेची भोकं मीच बुजवली होती. चूक माझी."

काकांच्या तोंडून 'चूक माझी' मी पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक तिनेही.

"खोटं वाटत असेल तर हिला विचार," काका म्हणाले आणि फोन माझ्याकडे धरला.

"खरं आहे गं!" मी ओरडले. "भट्टी केली होती यांनी!"

मग स्पीकरमध्ये टक् असा आवाज झाला आणि निळी टोपी झोपडीमागून चालत आली. दारापाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही काहीतरी सांगत होता," भिंगरी म्हणाली.

काकांनी फोन खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि पडद्यातल्या त्या टोपीकडे बघत बोलले.

"नाही करमत. सकाळी अजून दोन कप काढतो. चहा गाळायला घेतला की लक्षात येतं, मग एक परत ठेवतो. रोज. तू तेव्हा विचारलंस ना, तेव्हाच सांगायचं होतं. पण सांगायला लागलो असतो तर रडलो असतो. तुझ्यासमोर रडायची लाज वाटली."

"मग रडा की बाबा," भिंगरी म्हणाली. तिचाच आवाज ठिकाणावर नव्हता. "मी इथे एकटी रडते, तुम्ही तिथे एकटे. काय उपयोग त्याचा?"

मग काका रडले. इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसत, मोठ्याने, माझ्यादेखत. खुर्चीतून हलले नाहीत. तिकडून भिंगरीचंही ऐकू येत होतं. मला कुठेतरी बघायला हवं होतं, म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाच्या तापमानाचा आकडा दिसतो तो बघत राहिले. चौसष्ट, पासष्ट, चौसष्ट. त्याच्या वर गेला नाही.