रोही आडवी आली नव्हती

माझी ताई गाडी ठोकून मेली नाही.

हे एकदाच स्पष्ट लिहितो. म्हणजे पुन्हा कोणी मला बाजारात थांबवून "तो गाडीचा नादच नडला ना हो?" असं विचारणार नाही.

ताईला पोटाचा कॅन्सर होता. नागपूरला ट्रीटमेंट झाली. मागच्या वर्षी आजच्याच दिवशी ती गेली. गाडीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

पण गाडीचा विषय काढायचाच असेल, तर मग पूर्ण ऐका.

मंदाताईची पांढरकवड्यात रक्ततपासणीची लॅब होती. आजूबाजूच्या गावांतून सॅम्पल आणायला ती रोज स्वतःची लाल गाडी घेऊन जायची. लग्न केलं नाही. त्यावरही लोकांचं मत होतंच.

चाळिशी उलटल्यावर तिने मोबाइलवर एक जाहिरात पाहिली. तमिळनाडूतला एक रेसट्रॅक. आपली रोजची गाडी घेऊन या आणि दिवसभर चालवा.

आई म्हणाली, "कायले जाते व इतक्या दूर मरायले?"

"मरायले नाई माय, चालवायले. इथं पुढे म्हैस, मागं ट्रक. माही गाडी खरंच पळते तरी कशी, एकदा पाह्यचं हाये मले."

पण ताई बेफिकीर नव्हती. आधी तिने विम्याचं विचारलं. आमचा मामेभाऊ प्रमोद आर्णीला विम्याचा एजंट आहे.

तो म्हणाला, "ताई, पॉलिसीत साफ लिहिलं हाये. रेस, स्पीड टेस्ट, काही चालत नाई. तिथं ठोकली तं काही भेटणार नाई."

"मी कोणाशी रेस लावून राह्यली काय? एकटीच चालवीन."

"कंपनीले त्याचं काही पडलं नाई. ट्रॅक म्हणजे ट्रॅक."

"मंग ट्रॅकचा वेगळा विमा काढ."

प्रमोदने सगळीकडे विचारलं. ट्रॅकवाल्यांकडे चालवणाऱ्याच्या जिवाचा अपघात विमा होता. गाडीचा मात्र आम्हाला कुठेच मिळाला नाही.

ताईने स्वतः एका कंपनीला फोन लावला. स्पीकरवर. मी समोर बसलो होतो.

सगळं ऐकून पलीकडचा माणूस हसला. "मॅडम, जरा मिस्टरांना फोन देता का?"

"मिस्टर नाईत. गाडी हाये. तिच्याबद्दल बोला."

त्याने फोन कट केला.

ताई म्हणाली, "ठीक हाये. गाडी माही. फुटली तं माही फुटंन."

आणि आम्ही निघालो. हायवे आमच्या गावावरूनच सरळ दक्षिणेला जातो. हैदराबादच्या पुढे मी झोपलो, ती चालवत राहिली.

ट्रॅकवर महागड्या गाड्या होत्या. त्यांच्यात आमची लाल गाडी, मागच्या काचेवर लॅबचं स्टिकर. पोरं गालात हसत होती. ताईने उसनं हेल्मेट घातलं आणि गेली.

मी जाळीच्या अलीकडे उभा. पहिल्या फेऱ्यांना जपून. मग गाडीचा आवाज बदलला. तो आवाज मी त्या गाडीतून कधीच ऐकला नव्हता. हसणारी पोरं जाळीपाशी येऊन उभी राहिली.

दुपारनंतर एका वळणावर चाक बाहेर गेलं. गाडी घसरत जाऊन कडेच्या टायरांवर आदळली.

मी धावलो. ताई स्वतःच दार उघडून बाहेर आली. अन् ती हसत होती. इतकी मोकळी हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं.

गाडीचं तोंड चेपलं होतं, रेडिएटर फुटला होता. ट्रकवर टाकून गाडी घरी आणली.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

प्रमोद गॅरेजमध्ये आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. "हायवेवर रोही आडवी आली म्हणून सांगू. नीलगाई इकडे रोजच येतात. कोणी विचारणार नाई. क्लेम पास."

गॅरेजवाल्याने मान डोलावली. आईनेही.

ताई म्हणाली, "काहून? रोहीनं काय केलं माह्यं?"

"सगळे असंच करतात ताई!"

"करत असतीन. मी तिथं गेलती प्रमोद. माह्या हातानं गेली ती गाडी. माह्या जिंदगीतला सगळ्यात भारी दिवस होता तो. त्याले मी खोटा नाई पाडणार."

प्रमोद चिडून निघून गेला. क्लेम केलाच नाही.

त्या उन्हाळ्यात ताई सॅम्पलचा डबा घेऊन जुन्या स्कूटीवर गावोगाव फिरली. भर उन्हात. तोंडाला दुपट्टा बांधून. लोक विचारायचे, गाडी कुठे गेली? ती मोठ्याने सांगायची, "रेसट्रॅकवर ठोकली!" लोक हसायचे. ती त्यांच्याहून जास्त हसायची.

पैसे साठवून तिने गाडी दुरुस्त करून घेतली. पुढच्या थंडीत ती परत त्याच ट्रॅकवर गेली. याही वेळी गाडीला ट्रॅकचा विमा नव्हता. दिवसभर चालवली. एक ओरखडा नाही.

मग आजार आला.

नागपूरला एक नातेवाईक भेटायला आले होते. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मंदे, आता तरी पस्तावा होते काय त्या गाडीच्या नादाचा?"

ताईचा आवाज तेव्हा अगदी बारीक झाला होता.

"होते न काका. पंचविशीतच ट्रॅकवर गेली असती तं बरं झालं असतं."

काकांनी आणलेली फळं टेबलावर ठेवली आणि ते उठले.

अशी होती माझी बहीण. तिची कीव करणारी कमेंट इथे करू नका. डिलीट करीन.

ताई, निघणाऱ्या माणसाला आपण "सावकाश जा" म्हणतो.

तुला नाही म्हणणार.

जा. हवी तशी जा.

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार.