आजोबांचे लष्करी दवाखान्यातले कागद

वडील गेल्यावर मी आजोबांच्या लष्करातल्या नोंदी मागवल्या. बायको आधीच गेलेली, मुलगी बंगळुरात. घरात बोलायला कुणी नव्हतं आणि मला काहीतरी काम हवं होतं. सात-आठ महिन्यांनी पोस्टानं जाड पाकीट आलं. आत लष्करी दवाखान्यातल्या कागदांच्या काळपट झेरॉक्स.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाकडे होते. परत आले ते कुणाला जवळ येऊ देईनात. वेगळं ताट, वेगळा पेला, ओसरीत बाज. मांडीवर चढायला गेलेल्या माझ्या वडिलांना ते ढकलून देत. पाच-सहा वर्षांत वारले. "त्यांना आम्ही नकोच होतो," एवढंच वडील म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

महिनाभर मी भिंग घेऊन त्या कागदांवर बसलो. वजनाचे आकडे लागले, दर पानाला उतरत गेलेले. बाकी सगळी तुटक इंग्रजी अक्षरं. एका 'एस'पुढे पुन्हा पुन्हा अधिकचं चिन्ह होतं. ती मला दवाखान्याची खूण वाटली.

शेवटी धरमपेठेतल्या एका निवृत्त लष्करी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच मिनिटांत वाचलं.

"एस म्हणजे स्पुटम, थुंकी. अधिक म्हणजे जंतू सापडले. तुमच्या आजोबांना फुप्फुसाचा क्षय होता. म्हणूनच घरी पाठवलं. आणि हे बघा, शेवटी लिहिलंय: भांडी वेगळी ठेवावीत, मुलांना जवळ घेऊ नये, असं समजावून सांगितलं."

"औषध?"

"तेव्हा कुठलं औषध!"

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिलो. वडिलांना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

दुसऱ्या दिवशी बसनं कळमेश्वरला आत्याकडे गेलो. ती वडिलांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली.

"आत्या, आजोबाले क्षय होता."

 ती म्हणाली, "मंग आमाले काहून नाही सांगतलं गा बाबानं?"

"लोकायनं वाळीत टाकलं असतं, म्हणून असंन."

"म्या एकदा त्याच्या पेल्यातलं पानी पेलं. अशी थोबाडीत देली त्यानं! मंग विहिरीवर नेऊन चुळा भराले लावल्या. किती चुळा! अन् सोता रडून राहिला होता. मले वाटे, मारल्याचं वाईट वाटलं असंन."

तिनं पदर तोंडाशी धरला. "तुह्या बापाले कळाले पायजे होतं."



संध्याकाळी घरी येऊन मुलीला फोन लावला. ती घाईत होती. "रविवारी सावकाश सांगा ना, बाबा," म्हणाली. मग मी सगळ्या नोंदी एका वहीत सरळ मराठीत उतरवल्या. वही घेऊन वडिलांच्या खोलीत गेलो. त्यांचा पलंग अजून तसाच आहे. त्यावर बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागलो.