सूचनापेटीतला लोखंडी तुकडा

चहा घ्या आधी. ही फजिती हसत सांगायला घेतोय खरी, पण शेवटपर्यंत हसू टिकलं नाही तर मला बोलू नका.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. लखनौला, चिनहटमधल्या पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात मी मॅनेजर. तीन नंबरच्या प्रेसमध्ये सारखा पत्रा अडकायचा. वरून हुकूम आला, कामगारांकडून नव्या कल्पना घ्या! मी काय केलं? पेटी टांगली. सोबत फॉर्म, तोही इंग्रजीत, तीन प्रतींत. नागपूरचा हुशार माणूस ना मी!

महिन्याभराने पेटी उघडली. आत एकच वस्तू, वाकवलेला लोखंडी तुकडा! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना उभं करून झापलं, "ये सुझाव की पेटी है, कबाड़ की नहीं!" सगळे माना खाली घालून कामाला लागले. तुकडा चांगला जड होता, म्हणून टेबलावर कागदांवर ठेवून दिला. त्याखालीच माझा अहवाल होता. कामगारांकडे नव्या कल्पना नाहीत, असा.

पुढच्याच आठवड्यात रामसुमेर मिस्त्री रिटायर झाले. निरोप घ्यायला केबिनमध्ये आले, तर नजर टेबलावर खिळलेली.

"साहब, आपने रख लिया?"

"हाँ हाँ मिस्त्रीजी, बड़े काम की चीज़ है!"

म्हातारा असा खुलला म्हणता! डोळे पुसत, दोन्ही हात जोडून गेला. मला वाटलं, काय ही लखनौची तहजीब!

मग लांबच्या सुट्टीवरून फोरमन परतला आणि केबिनमध्ये शिरताच ओरडला, "अरे, ये तो तीन नंबर के लिए रामसुमेर चाचा ने बनाया था! लिखना नहीं आता, तो चीज़ ही डाल दी होगी."

लावून पाहिला. दिवसभरात एकदाही पत्रा अडकला नाही हो!

तसाच बस पकडून बख्शी का तालाबच्या पलीकडे त्यांच्या गावी गेलो. मिस्त्रींना वारून दहा दिवस झाले होते. मला रडूच फुटलं. त्यांची बायकोच मला धीर द्यायला लागली.

"रोइए मत साहब. बड़े खुश गए. गाँव भर को बताते थे, साहब ने हमारी चीज़ अपनी मेज़ पर सबसे ऊपर रखी है."

ठेवली होतीच की सगळ्यात वर! त्यांच्याकडे कल्पना नाहीत, असं लिहिलेला कागद पंख्याने उडू नये म्हणून.